गाव नकाशावर, वाडी रेंजबाहेर

२०२५ च्या सप्टेंबरात 'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. थोड्याच दिवसांत नंदुरबारच्या डोंगराळ भागातून बातम्या यायला लागल्या की रेंज मिळावी म्हणून बायका टेकडी चढून जात आहेत. पैसे हक्काचे, आधार कार्ड हातात, घरात मोबाईलही आहे. सगळं अडलं ते ओटीपीपाशी. मग नोव्हेंबरात दुसरी बातमी आली. राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम अशा जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांसाठी.

या दोन बातम्यांच्या मधे एक प्रश्न आहे. दुर्गम म्हणजे नेमकं कुठं? जिल्ह्याचं नाव घेणं सोपं आहे. पण कुठल्या वाडीत, कुठल्या पाड्यावर, कुठल्या घरात इंटरनेट पोहोचत नाही, हे मुंबईत किंवा दिल्लीत बसलेल्या माणसाला कळतं कसं? ते कळतं याद्यांवरून आणि नकाशांवरून. यादीत गावाचं नाव आलं तर टॉवर मंजूर होतो. नकाशावर गावाला आधीच रंग दिलेला असेल, तर त्या गावाचा प्रश्न सुटलेला धरला जातो. टेकडी चढणाऱ्या बायकांचं पुढं काय होणार, हे बऱ्याच अंशी या नकाशावर ठरतं. म्हणून तो कसा तयार होतो, कुठं चुकतो आणि दुरुस्त कसा करता येतो, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

ब्रॉडबँड म्हणजे किती?

ब्रॉडबँड म्हणजे सतत जोडलेलं आणि ठरावीक किमान वेगाचं इंटरनेट. ते तारेतून आलं काय किंवा हवेतून मोबाईलवर आलं काय, दोन्ही ब्रॉडबँडच. मेख आहे ती 'किमान वेग' या शब्दांत. आपल्याकडे २०१३ पासून ही मर्यादा सेकंदाला ५१२ किलोबिट होती. २०२३ च्या जानेवारीत ती वाढवून २ मेगाबिट, म्हणजे २ एमबीपीएस केली.

२ एमबीपीएसमध्ये काय होतं? इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाईलचा आकार बाईटमध्ये, आणि ८ बिटांचा १ बाईट होतो. म्हणजे सातबाऱ्याची किंवा दाखल्याची ५ एमबीची स्कॅन केलेली फाईल चढवायला, वेग खरंच पूर्ण मिळाला तर, २० सेकंद लागतील. चालण्यासारखं आहे. अडचण अशी की हा आकडा बहुधा डाउनलोडचा, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या माहितीचा असतो. आपल्याकडून जाणाऱ्या माहितीचा वेग त्याहून कमी असतो, आणि सरकारी कामांत नेमकं तेच लागतं. फोटो काढा, चढवा, अंगठा लावा, पाठवा. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी २०२३ च्या जानेवारीपासून ॲपवर, फोटोसकट, दिवसातून दोनदा घेतात. पिकाची नोंद ई-पीक पाहणीत, तीही बांधावर उभं राहून. गावात व्हिडिओ दिसतात म्हणून इंटरनेट 'आहे' असं म्हणणाऱ्याने एकदा बांधावरून पिकाचा फोटो चढवून बघावा.

टाकी भरली, नळ कोरडा

गावात नळयोजना आली की आधी टाकी उभी राहते. उद्घाटन होतं, फोटो निघतात. टाकीपासून घराघरापर्यंत पाइप टाकायचं काम मागाहून व्हायचं असतं, आणि ते 'मागाहून' किती वर्षं चालतं हे खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सरकारी तक्त्यात मात्र त्या गावापुढं 'नळयोजना: होय' असं लिहून झालेलं असतं.

इंटरनेटचंही तसंच झालं. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्राने एक मोठी योजना मंजूर केली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचं, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंची केबल, जिच्यातून प्रकाशाच्या रूपात माहिती धावते. पुढं या योजनेचं नाव भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रात हे काम राज्य सरकारनेच अंगावर घेतलं. आज देशातल्या २ लाखांहून जास्त ग्रामपंचायती 'सेवेसाठी तयार' झालेल्या आहेत. काम प्रचंड आहे आणि त्याचं मोल कमी लेखू नये. पण 'तयार' हा शब्द टाकीपुरता आहे. फायबर ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या यंत्रापर्यंत आलं. तिथून शाळेत, आरोग्य उपकेंद्रात, घरात ते न्यायला कुणीतरी पुढं यावं लागतं.

आणि पाइप फुटला तर? भारतनेटच्या सुरुवातीच्या टप्प्यांत केबल बहुतेक ठिकाणी तालुक्यापासून एका रेषेत टाकली गेली. घाटात एकच रस्ता असावा तसं. दरड कोसळली की पलीकडच्या साऱ्या गावांची एसटी बंद. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की पुढच्या सगळ्या ग्रामपंचायती अंधारात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, त्यात ही रेषा मोडून गोल वळसा, म्हणजे रिंग करायचं ठरलं. एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने माहिती पोहोचेल. त्याच कार्यक्रमातली आणखी एक ओळ फारशी कुणाच्या नजरेत आलेली नाही. ग्रामपंचायतीचं मुख्यालय नसलेली जी सुमारे ३ लाख ८० हजार गावं उरतात, तिथं फायबर 'मागणी केल्यास' द्यायचं आहे. मागणी करायची तर आपल्याकडे नाही हे आधी दाखवता यायला हवं.

९५ टक्के गावं, पण गाव म्हणजे काय?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सांगितलेला आकडा असा: देशातल्या ६,४४,१३१ गावांपैकी ६,१२,९५२ गावांत ३जी किंवा ४जी मोबाईल सेवा आहे. म्हणजे ९५.१५ टक्के. हा आकडा खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. 'गाव' या शब्दाचा इथला अर्थ आणि आपल्या तोंडातला अर्थ वेगळा आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

सरकारी यादीतलं गाव म्हणजे महसुली गाव. कागदावर त्याचं एक नाव, एक शीव, एक क्रमांक. सह्याद्रीत किंवा सातपुड्यात राहणाऱ्याला ठाऊक असतं की एका महसुली गावाच्या पोटात गावठाण असतं, दोन-चार वाड्या असतात, वर कड्यापाशी धनगरवाडा असतो, नदीपलीकडे एखादी कातकरवाडी असते. पालघर-नंदुरबारकडे पाडे, मराठवाड्यात तांडे. गावठाणात रेंज आली की गावापुढं 'होय' लागतं. वरच्या धनगरवाड्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

शाहूवाडी तालुक्यातल्या अशाच एका धनगरवाड्यावर मी गेले होते. खालच्या गावातून पायवाटेने दीड तास. नकाशावर हा सगळा डोंगर ४जीच्या रंगात रंगवलेला होता. घराच्या ओटीवर बसून मी फोन काढला तर आजी म्हणाल्या, "हितं न्हाई लागायचा, ताई. जांभळाखाली चला. तिथं दोन कांड्या येत्यात." जांभळाच्या एका फांदीला दुधाची प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती. मी विचारलं तेव्हा कळलं की मुंबईला असलेला मुलगा रोज संध्याकाळी सातला फोन करतो. साडेसहालाच मोबाईल त्या पिशवीत घालून फांदीला अडकवायचा आणि खाली गोणपाट टाकून बसायचं. फोन वाजला की स्पीकर लावायचा. पावसाळ्यात? "पावसाळ्यात त्योच म्हणतो, नगा जाऊ भिजाया."

ई-केवायसीचं त्यांच्या सुनेने सांगितलं. ओटीपी आला, पण आला तो मुदत उलटून गेल्यावर. तीनदा असं झालं, मग खालच्या गावात जाऊन ते काम करावं लागलं. एक दिवसाचा रोज गेला.

९५.१५ टक्क्यांच्या आकड्यात हा धनगरवाडा 'होय' मध्ये मोजला गेलेला आहे.

नकाशा रंगवतात कसा?

बऱ्याच जणांना वाटतं की कंपनीची माणसं फिरून फिरून रेंज मोजतात आणि त्यावरून नकाशा काढतात. असं प्रत्येक जागी करणं शक्य नाही. नकाशाचा बहुतेक भाग संगणकाने केलेला अंदाज असतो.

संगणकाला सांगतात की टॉवर इथं आहे, एवढा उंच आहे, अमक्या दिशेला तोंड करून आहे, अमक्या ताकदीने लहरी सोडतो. शिवाय जमिनीचे चढ-उतार, झाडी, वस्ती यांची माहिती देतात. मग संगणक हिशोब करतो की लहरी कुठवर जातील आणि कुठं विरतील. जत्रेत देवळावरचा भोंगा वाजतो तेव्हा समोरच्या माळावर लांबपर्यंत ऐकू येतं, पण टेकडीमागच्या वस्तीत अर्धवटच. रेडिओलहरींचंही असंच असतं.

त्यातही सगळ्या लहरी सारख्या नसतात. मिरवणूक लांब असते तेव्हा आधी ढोल ऐकू येतो, ताशा जवळ आल्यावर. मोबाईलच्या कमी कंपनसंख्येच्या लहरी, ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, ढोलासारख्या लांब जातात, अडथळ्याला थोडा वळसाही घालतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर माहिती वाहून नेतात, पण लवकर दमतात आणि भिंतीला अडतात. त्यामुळे एकाच टॉवरवरून बोलण्यापुरती रेंज एका वाडीला मिळते आणि वेगवान इंटरनेट मिळत नाही, असं सर्रास होतं.

सिग्नलची ताकद डीबीएम या मापात मोजतात. आकडे उणे असतात, आणि शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. ४जीसाठी ढोबळमानाने −९० च्या आसपास सगळं सुरळीत चालतं, −१०५ ला कसंबसं, −११५ च्या पलीकडे फोन नुसता धडपडत राहतो. या मापाची खुबी अशी की १० ने फरक पडला म्हणजे ताकद १० पटींनी बदलली. धनगरवाड्यावर मी केलेल्या नोंदी अशा होत्या: ओटीवर −११८, शाळेच्या मागं −११२, जांभळाखाली −१०४, खिंडीत −९१. ओटी आणि खिंड यांत चालत वीस मिनिटांचं अंतर. सिग्नलच्या ताकदीत जवळपास ५०० पट फरक. नकाशावर दोन्हीला एकच रंग.

ही लबाडीच असते असं नाही. अंदाज करताना जमिनीचा किती बारीक तुकडा धरला, झाडी किती दाट मानली, रंग द्यायची किमान ताकद काय ठरवली, यावर चित्र बदलतं. तुकडा मोठा धरला की खिंडीतला चांगला आकडा ओटीलाही मिळतो. अंदाज बहुधा उघड्यावरचा असतो आणि माणसं घरात राहतात. जाड दगडी भिंत आणि वर पत्रा असेल तर बाहेरची बरी रेंज आत येईपर्यंत संपते. लहरी पत्र्यावरून परत फिरतात.

नकाशाला वेळेचंही भान नसतं. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी संपली की बंद पडतो. डोंगराळ भागात पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते. संध्याकाळी सगळे एकदम फोन उघडतात तेव्हा एकाच नळाला दहा घरांनी मोटार लावल्यासारखं होतं. कांड्या भरलेल्या दिसतात, पाणी मात्र येत नाही.

अमेरिकेने हीच चूक केली होती

हे आपल्याकडेच घडतं असं समजायचं कारण नाही. अमेरिकेतही ग्रामीण भागात इंटरनेटचा प्रश्न मोठा आहे आणि तिथंही बरीच वर्षं नकाशाने घात केला.

तिथं जनगणनेसाठी जमिनीचे छोटे तुकडे पाडलेले असतात. शहरात असा तुकडा म्हणजे रस्त्यांनी वेढलेली चार-दोन इमारतींची जागा, पण खेड्यात तो कित्येक चौरस किलोमीटरचा असतो. जुना नियम असा होता की त्या तुकड्यातल्या एका जरी घराला कंपनी सेवा देत असेल किंवा देऊ शकत असेल, तरी पूर्ण तुकडा 'सेवा आहे' म्हणून मोजायचा. रस्त्याकडेच्या एका घरात केबल आली की मागच्या शेतांतली सगळी घरं कागदावर जोडली गेली. गावठाण आणि धनगरवाडा यांचीच ही गोष्ट आहे.

२०२० च्या मार्चमध्ये तिथं कायदा झाला. ठरलं की तुकडे मोजायचे नाहीत, घरं मोजायची. देशातल्या प्रत्येक इमारतीचा एक ठिपका, आणि त्या ठिपक्यापुढं कंपन्यांनी सांगायचं की इथं आम्ही काय देतो. हा नवा नकाशा २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांसमोर ठेवला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट पुढची वाटते. 'हे चूक आहे' असं म्हणायची सोय प्रत्येक नागरिकाला दिली. आपला पत्ता शोधा, कंपनीचा दावा वाचा, खोटा असेल तर हरकत घ्या. उत्तर देणं कंपनीवर बंधनकारक. राज्यांनी आणि काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, लाखो हरकती घेतल्या. २०२३ च्या मे महिन्यात सुधारलेला नकाशा आला तेव्हा ८३ लाखांहून जास्त घरं आणि व्यवसाय वेगवान इंटरनेटविना असल्याचं दिसलं.

हे नुसतं चित्र सुधारण्यासाठी नव्हतं. महिनाभरातच ४,२४५ कोटी डॉलर त्या नकाशाच्या आधारे राज्यांना वाटले गेले. ज्या राज्यात जितकी ठिकाणं सेवेविना, त्या प्रमाणात त्याचा वाटा. हरकत घेतलेलं एकेक घर पैशात मोजलं गेलं. तिथंही पुढं योजनेचे नियम बदलले आणि कामं लांबली, ही गोष्ट वेगळी. पण कोण वंचित आहे हे ठरवायची पद्धत मात्र त्यांनी मुळातून बदलली.

यादीत नसेल तर टॉवर नाही

आपल्याकडे पैसा याद्यांच्या आधारे वाटला जातो. २०२१ च्या नोव्हेंबरात पाच राज्यांतल्या, त्यात महाराष्ट्रही आला, ४४ आकांक्षित, म्हणजे मागे राहिले म्हणून सरकारने खास लक्ष द्यायला निवडलेल्या, जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांना ४जी द्यायची योजना मंजूर झाली. २०२२ च्या जुलैमध्ये २६,३१६ कोटी रुपयांची मोठी योजना आली. देशातल्या रेंज नसलेल्या २४,६८० गावांना ४जी द्यायचं आणि ते काम बीएसएनएलने करायचं.

२४,६८० हा आकडा कुणीतरी याद्या चाळून काढलेला आहे. ज्या गावाच्या गावठाणात शेजारच्या टॉवरची पुसटशी का होईना रेंज होती, ते गाव यात यायला नको असा त्याचा हिशोब. त्याच गावाची वाडी डोंगरामागं असेल तर तीही गावाबरोबर वगळली गेली.

पण या योजनेत एक दार उघडं ठेवलेलं आहे आणि ते फार थोड्या सरपंचांना माहीत असेल. आणखी २० टक्के गावं मागाहून घेता येतील अशी तरतूद आहे. पुनर्वसन झालेल्या वस्त्या, नव्याने वसलेल्या वस्त्या, आधीच्या कंपनीने सेवा काढून घेतलेली गावं, अशांसाठी. कोयना, चांदोली, सरदार सरोवर यांच्या विस्थापितांच्या वसाहती डोळ्यांसमोर आणा. जुन्या यादीत त्यांचं गाव पाण्याखाली आहे.

कंपनीनेच काढलेला नकाशा खरा कसा मानायचा?

रास्त शंका आहे. आपल्या मालाची परीक्षा आपणच घेतल्यासारखं होतं. पण २०२४ पर्यंत आपल्याकडे सामान्य माणसाला बघता येईल असा सगळ्या कंपन्यांचा नकाशाच सक्तीचा नव्हता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, त्या वर्षी ऑगस्टमध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. मोबाईल कंपन्यांनी २जी, ३जी, ४जी, ५जी असे वेगवेगळे कव्हरेज नकाशे आपापल्या वेबसाइटवर लावायचे. आता ते पाहता येतात, गावापर्यंत मोठे करता येतात.

मला हे पाऊल मोठं वाटतं, कारण दावा आता उघड झाला. आधी ग्राहक सेवेला फोन केला की उत्तर मिळायचं, 'तुमच्या भागात नेटवर्क उत्तम आहे.' त्यावर बोलणार काय? आता कंपनीने स्वतः रंगवलेलं चित्र समोर ठेवून, त्याच जागेवर उभं राहून आकडा दाखवता येतो.

उणीव आहे ती हरकतीच्या वाटेची. ट्राय रस्त्यांवर गाडी फिरवून चाचण्या घेते आणि त्यांचे निकाल प्रसिद्ध करते. पण गाडी रस्त्यावरून जाते. जिथं दीड तासाची पायवाट आहे तिथलं मोजमाप त्या चाचणीत कसं येणार? वाडीतल्या माणसाने ठिकाण दाखवून हरकत घ्यावी आणि ठरावीक मुदतीत कंपनीने तिथं येऊन मोजावं, असा नियम आपल्याकडे व्हायला हवा.

उपग्रह येतोय, मग नकाशा कशाला?

उपग्रहाला डोंगर आडवा येत नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे. आकाश मोकळं दिसत असेल तर छतावरच्या तबकडीवर इंटरनेट येतं. भामरागड किंवा धडगावच्या शाळेला आणि आरोग्य केंद्राला याचा खरंच उपयोग होईल. पण दाट झाडीत, अरुंद दरीत आकाश पुरेसं उघडं नसतं. तबकडीला वीज लागते. आणि दर महिन्याचं भाडं रोजंदारीवरच्या घराला परवडणारं नाही, त्यामुळे तबकड्या सरकारला सार्वजनिक ठिकाणी बसवाव्या लागतील. मग कुठल्या शाळेत, कुठल्या उपकेंद्रात? फायबर पोहोचू शकतं तिथं तबकडी लावून ती वाया घालवायची नसेल, तर नकाशा हवाच.

नकाशांवर वेळ घालवण्यापेक्षा टॉवर उभारा की

हे मी अनेकदा ऐकते, आणि राग कुठून येतो तेही समजतं. पण टॉवर कुठं, हा प्रश्न राहतोच. डोंगराळ भागात टॉवर उभारणं सपाटीपेक्षा कितीतरी महाग पडतं, कारण सिमेंट, लोखंड, डिझेल सगळं वर चढवावं लागतं, वीज ओढावी लागते. तो पाचशे मीटर चुकीच्या सोंडेवर उभा राहिला की वाडी पुन्हा सावलीत, आणि तिथं दुसरा टॉवर कुणी मंजूर करत नाही.

जंगलाचा अडसरही सांगितला जातो. त्याबाबत एक गोष्ट ग्रामसभांना माहीत हवी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पाण्याच्या सोयी यांच्याबरोबर वीज आणि दूरसंचार तारांचंही नाव आहे. ग्रामसभेची शिफारस असेल तर एक हेक्टरच्या आत वनजमीन अशा कामाला देता येते, झाडं तोडण्यावर मर्यादा ठेवून.

दिलं तरी लोक वापरत नाहीत

काही ठिकाणी हेही खरं आहे. ग्रामपंचायतीत फायबर येऊन यंत्र धूळ खात पडलेलं मी पाहिलं आहे. पण 'मिळत नाही' आणि 'घेत नाहीत' ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि औषधही वेगळं लागतं. एकीकडे टॉवर हवा, दुसरीकडे परवडणारा रिचार्ज, शिकवणारं माणूस, चालू यंत्र. नकाशा नीट असेल तरच कुठं कुठलं दुखणं आहे ते कळतं.

आपल्या वाडीचा नकाशा

यासाठी इंजिनिअर लागत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' असं असतं, तिथं सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. ट्रायचं 'मायस्पीड' नावाचं ॲप वेग मोजतं आणि निकाल थेट ट्रायकडे पाठवतं. आधी कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या वाडीचा रंग पाहून त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवायचा. मग घरोघर जाऊन ओटीवर एक आणि आत एक अशी मोजणी करायची, सकाळी आणि रात्री आठच्या सुमारास. प्रत्येक कंपनीच्या सिमची वेगळी नोंद ठेवायची, कारण एकीची रेंज असते तिथं दुसरीची नसते. टॉवर कधी आणि किती वेळ बंद होता तेही महिनाभर वहीत लिहायचं. हे सगळं जोडून वाडीचं नाव स्पष्ट लिहिलेला ग्रामसभेचा ठराव करायचा आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयाला, कंपनीला आणि बीएसएनएलला पाठवायचा. 'आमच्याकडे नेटवर्क नाही' या एका ओळीच्या अर्जाला 'नकाशानुसार आहे' हे उत्तर ठरलेलं असतं. आकड्यांसकट आलेल्या अर्जाला तेवढ्यावर परत पाठवणं अवघड जातं.

त्या धनगरवाड्यावरच्या मुलांनी हे करायला घेतलं आहे. चित्रकलेच्या वहीच्या दोन पानांना चिकटपट्टी लावून त्यांनी वाडीचा नकाशा काढला. खिंड, विहीर, शाळा, जांभूळ आणि २२ घरं. रेंज असेल तिथं हिरवा ठिपका, नसेल तिथं लाल. खालच्या गावातल्या शिक्षकांनी कोपऱ्यात तारीख घालून दिली. मी पाहिला तेव्हा १९ घरांचे ठिपके भरून झाले होते, सगळे लाल, आणि एकच हिरवा ठिपका खिंडीत. तीन घरं कोरी होती. ती माणसं गुरं घेऊन वरच्या सड्यावर गेली होती. ती खाली आली की मुलं फोन घेऊन त्यांच्या ओटीवर जाणार आहेत.